मोर्चा, जरा रागाने बघा!

ऐंशीच्या दशकात मी समाजशास्त्रात एम.फिल. करत होतो. विषय होता मोर्चे. कोल्हापूरचे आमचे सर म्हणाले, "प्रश्न विचारत बसू नकोस. फोटो काढ. पुढे कोण, मागे कोण, मुठी कुणाच्या वर, सगळं फोटोत दिसतं." मी मामाचा कॅमेरा मागून घेतला आणि रत्नागिरीला घरी आलो.

मे महिन्यात आमच्या वाडीतल्या बायकांनी पाण्यासाठी हंडा मोर्चा काढला. रिकामे हंडे बडवत, घोषणा देत त्या घाटी चढून कचेरीशी पोचल्या. काय आवेश होता! मी पुढे धावलो, वळून कॅमेरा डोळ्याला लावला, आणि मोर्चा थांबला. घोषणा बंद. सगळ्यांनी पदर सारखे केले.

"माझं कुंकू पुसलंय काय गो?" एकीने शेजारणीला विचारलं.

"थांबू नका!" मी ओरडलो. "माझ्याकडे बघू नका. तुम्ही रागावलेल्या आहात ना?"

"तुझ्यावर कशाला रागावू रे बाबा?" पुढची काकू म्हणाली, आणि तिनेच सगळ्यांना उभं करायला घेतलं. बुटक्या पुढे, उंच मागे, हंडे पायाशी. एवढा गलबला एकदम थांबला कसा, म्हणून कचेरीतले साहेब बाहेर आले. त्यांनाही बायकांनी मधोमध उभं केलं. त्यांनी आधी खिशातला कंगवा काढून भांग पाडला.

सरांनी तो फोटो बराच वेळ न्याहाळला. मग विचारलं, "लग्न कुणाचं?"

साहेबांनी मात्र हौसेने एक प्रत मागून घेतली आणि कचेरीत भिंतीवर लावली. ही बातमी वाडीत पोचली. पुढच्या खेपेला मी घरी जेवत होतो, तर अंगणात हंडे वाजू लागले.

"फोटो आमच्या हक्काचा!"

बाहेर येऊन पाहतो तर सगळ्यांच्या पुढे मूठ उगारून माझी आई. मला आमटी वाढून ती मागच्या दाराने मोर्चात गेली होती.

"आई, तूसुद्धा?"

"साहेबाला प्रत, आणि आम्हाला काय?"

मी खरकट्या हातानेच कॅमेरा आणला. या वेळी कुणी पदर सारखा केला नाही. सगळ्या माझ्यावर मनापासून चिडल्या होत्या. चांगले चार-पाच फोटो मिळाले. मग आईनेच मला मोर्चाला कोकम सरबत द्यायला लावलं.

सरांना ते फोटो फार आवडले. आईला मुळीच नाही. "तोंड किती वाकडं आलंय माझं!" म्हणाली, आणि आपली प्रत तिने तांदळाच्या डब्याखाली घातली.

नळ आला, पण पुढच्या उन्हाळ्यात.