शेवटच्या पॅटर्नचा हार

हातात कोणी साधी फूटपट्टी दिली की मी आधी तिच्यावर संशय घेतो. तिचा काही दोष नाही. माझा जन्मच गेला खोट्या पट्ट्यांबरोबर. झाशीजवळच्या एका ओतकामाच्या कारखान्यात मी लाकडी पॅटर्न बनवतो. मशीनचा जो भाग ओतायचा तो आम्ही आधी सागवानात घडवतो, वाळूत त्याचा ठसा घेतात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. थंड होताना धातू आटतो, म्हणून पॅटर्न थोडा मोठा ठेवायचा. किती मोठा, ते आमची पट्टीच ठरवते; तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा लांब असतो. पोलाद लोखंडापेक्षा जास्त आटतं, म्हणून त्याची पट्टी वेगळी. एकदा घरी देवाचा कोनाडा साध्या टेपने मोजला आणि फळी या पट्टीने कापली. अर्धा इंच जास्त. बायको म्हणाली, "देव काही आटत नाहीत हो, घरात तरी खरं मोजत जा."

मला शिकवणारे मिस्त्री प्रेमनगरात राहायचे. आमच्या घराण्याच्या भिक्षुकीवरून मला पंडितजी म्हणायचे. रंधा वाकडा चालला की म्हणत, "पंडितजी, यह आरती नहीं है." त्यांना मोतीबिंदू झाला होता. आपल्या लोखंडाच्या मापाच्या पट्टीला त्यांनी कानसेने खाच पाडली होती, बोटाला कळावी म्हणून.

निवृत्तीला आठवडा असताना ते पंपाच्या लोखंडी भागाचा पॅटर्न करत होते. पट्टी सापडेना, म्हणून माझी मागितली. मला नोकरीत कायम करायचा कागद साहेबांकडे अडकला होता आणि माझं डोकं फिरलेलं. न बघताच एक पट्टी त्यांच्या हातात कोंबली. ती पोलादाच्या मापाची होती.

भाग ओतून आला तेव्हा आतलं भोक मोठं झालेलं. लहान भोक मोठं करता येतं, मोठ्याचं काय करणार? माल भंगारात. साहेबांनी दोघांना बोलावलं. माझी लोखंडाची पट्टी खणातच आहे, हे मी तोवर पाहिलं होतं. तरी गप्प बसलो. मिस्त्री म्हणाले, "आँखें गईं साहब, मुझसे गलत पट्टी उठ गई."

आमच्याकडे निरोपाला माणसाचा शेवटचा पॅटर्न टेबलावर ठेवतात. आधी हार त्याला, मग माणसाला. त्या दिवशी टेबल रिकामं होतं; चुकलेला पॅटर्न कोण ठेवणार? मिस्त्रींना हार घातला, शाल दिली, सगळ्यांनी समोसे खाल्ले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिन्याने मी कायम झालो आणि मग तोंड उघडायचा धीर आला. एवढीच माझी लायकी. त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा लावून बसले होते. म्हणाले, "पट्टी आपकी थी, मुझे पता नहीं होगा? मेरे सात दिन बचे थे, आपकी पूरी नौकरी." मला रडू आवरेना. त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. ते फायली चाळता चाळताच म्हणाले, "अब नया बना दो." तो पॅटर्न मी नव्याने केला, प्रत्येक माप दोनदा घेऊन. पूर्ण झाल्यावर एका दिवसापुरता बाहेर न्यायची परवानगी मागितली. साहेबांनी कशाला हे न विचारता गेटपासवर सही केली.

स्कूटरवर पुढे पॅटर्न आणि हँडलला झेंडूचा हार, असा मी छावणीतून प्रेमनगरला गेलो. मिस्त्रींनी नंतर सापडलेली आपली खाचेची पट्टी काढून तीन ठिकाणी माप घेतलं आणि मान हलवली. मी हार त्यांच्या गळ्यात घालायला पुढे झालो, तर त्यांनी माझा हात धरला, हार काढून घेतला आणि पॅटर्नला घातला.

"मुझे तो उसी दिन मिल गया था," ते म्हणाले. "यही रह गया था."