आईचा वर्ग

माझे वडील एकतीस वर्षं एकाच शाळेत भाषा शिकवत होते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांना खपत नसे, म्हणून मुलांनी त्यांचं नाव ‘वेलांटी सर’ ठेवलं होतं. हे त्यांना ठाऊक होतं. एकदा वर्गात शिरले तर फळ्यावर कोणीतरी मोठ्या अक्षरात ‘वेलांटि’ असं लिहून ठेवलेलं. मुलं श्वास रोखून बसली. बाबांनी खडू उचलला, शेवटची वेलांटी तेवढी दीर्घ केली आणि धडा सुरू केला.

आई त्यांच्या उलट टोकाची. ती बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. दिवसभर शेकडो लोकांना उत्तरं देऊन घरी आली तरी तिच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे. बाबा भाजी चिरत ऐकत राहायचे. रविवारी चौघांच्या कपड्यांना इस्त्री करणं, माझ्या वह्यांना कव्हरं घालणं, धाकट्या भावाच्या बुटांच्या नाड्या ओवणं ही कामं त्यांनी आपणहून अंगावर घेतली होती. आपण घरासाठी किती करतो, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. दाखवायचं म्हटलं तरी आईच्या बोलण्यात त्यांना फट सापडली नसती.

आई बावन्न वर्षांची असताना एका मंगळवारी सकाळी तिला पक्षाघाताचा झटका आला. मी आणि भाऊ तेव्हा नोकरीसाठी बाहेरगावी होतो. बाबा शाळेत गेले होते. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, तेव्हा आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली दिसली. उजवा हात लुळा पडला होता आणि ती काकूंकडे नुसती बघत होती. दवाखान्यात पोहोचायला फार उशीर झाला होता, एवढंच आम्हाला सांगण्यात आलं.

दोन महिन्यांत ती चालायला लागली. हातातही थोडी ताकद आली. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. तिला समजायचं सगळं, पण शब्द सापडायचा नाही आणि सापडला तर भलताच. पाणी हवं असलं की ती ‘खुर्ची’ म्हणायची. आपण चुकलो हे तिचं तिलाच कळायचं आणि मग ती भिंतीकडे तोंड करून रडायची.

बाबांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना परोपरीनं समजावलं, आता पाचच वर्षं राहिलीत म्हणाल्या. बाबांनी सांगितलं, की मुलांना दुसरा शिक्षक मिळेल, घरातल्या विद्यार्थिनीला मिळायचा नाही.

घरी त्यांनी वेळ ठरवून टाकली. दहा ते साडेअकरा, जेवणाच्या टेबलाशी. शाळेत जाताना घालायचे तसा धुतलेला, इस्त्रीचा शर्ट घालून ते बसायचे. स्पीच थेरपिस्ट बाईंनी दिलेली चित्रं समोर मांडायची, एकेक शब्द हळूहळू म्हणायचा आणि वाट पाहायची. पहिले कित्येक आठवडे हाती काही लागलं नाही. मग एके दिवशी वर्ग सुरू करताना त्यांनी सहज घड्याळाकडे पाहून म्हटलं, “दहा दहा.” आणि आई म्हणाली, “दहा पंचवीस, दहा चाळीस, अकरा पाच...” न अडखळता तिनं शेवटच्या गाडीपर्यंतचं वेळापत्रक म्हणून दाखवलं. बाबांनी लगेच मला फोन केला. म्हणाले, “अगं, तुझ्या आईच्या गाड्या सुटल्या.”

तोंडपाठ झालेलं कधीकधी असं शिल्लक राहतं, असं थेरपिस्ट बाईंनी सांगितलं. बाबांनी मग तेच टोक धरलं. वेळापत्रकातून ‘उशीर’ आला, ‘फलाट’ आला, ‘रद्द’ आला. चहाला वेळ लागला की आई खणखणीत आवाजात ‘उशीर’ म्हणायची. बाबांच्या हातची भाजी अळणी झाली की ताटली पुढे सरकवून ‘रद्द’. बाबा हसत हसत मीठ आणायला उठायचे.

‘अहो’ मात्र त्यांनी शिकवलं नव्हतं. स्वतःला हाक मारायला कशी शिकवणार, म्हणायचे. सातव्या महिन्यात एका सकाळी ते अंघोळ करत असताना बाहेरून हाक आली, “अहो.” ते डोक्याला साबण तसाच ठेवून पंचा गुंडाळून धावत बाहेर आले. आईला काहीच नको होतं. तिनं त्यांच्याकडे पाहून पुन्हा म्हटलं, “अहो.” हे मला बाबांनीच सांगितलं, आणि सांगताना चष्मा पुसत राहिले.

असा तो वर्ग आठ वर्षं चालला. त्याला ना रविवार, ना सुट्टी. भावानं मुलगा झाल्यावर त्यांना काही दिवस आपल्याकडे बोलावलं, तर बाबा वर्गासकट गेले. आई पुन्हा पूर्वीसारखी बोलली नाही, पण दोन-तीन शब्दांचं वाक्य करण्यापर्यंत पोहोचली. नातवाला ‘ये, बस, खा’ म्हणू लागली.

बाबांचा आजार मला उशिरा कळला. मी चार दिवसांसाठी घरी गेले होते. त्यांचा शर्ट खांद्यावरून ओघळत होता आणि पट्ट्याला हातानं पाडलेली दोन नवी भोकं होती. खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी कपाटातून दवाखान्याचे कागद काढून दिले. स्वादुपिंडाचा कर्करोग होता, पसरलेला. तीन महिन्यांपूर्वीच कळलं होतं. मी चिडले, रडले. त्यांनी मला पाणी दिलं आणि सांगितलं, की आता तू इथेच राहा आणि वर्ग कसा घ्यायचा ते बघून घे.

मी रजा काढली. आठवडाभर त्यांच्या शेजारी बसून पाहिलं, मग एक दिवस त्यांनी मला शिकवायला बसवलं. मी कंगव्याचं चित्र दाखवलं. आई म्हणाली, “झाडू.” मी पटकन म्हटलं, “झाडू नाही गं, कंगवा.” आईनं ओठ मिटले. त्या दिवशी ती पुढे काही बोलली नाही.

दुपारी आई झोपल्यावर बाबांनी मला व्हरांड्यात बोलावलं.

“तिची चूक दाखवू नकोस,” ते म्हणाले. “मी एकदा दाखवली होती.”

मला वाटलं, वर्गातलीच काही गोष्ट असेल. पण ते त्या मंगळवारबद्दल बोलत होते. सकाळी ते शाळेला निघताना आई म्हणाली होती, “बस गाळून ठेवलीय.”

“मी म्हटलं, बस नाही, चहा म्हण. ती हसली आणि पुन्हा बसच म्हणाली. मला वाटलं, माझी थट्टा करतेय. पिशवी उचलली आणि गेलो. तिचं तोंड वाकडं झालं होतं गं. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. शब्दाकडे पाहिलं.”

ते शाळेला गेल्यावर अडीच तासांनी काकू आल्या होत्या. दोन तास आधी आणलं असतं तर बोलणं वाचलं असतं, असं डॉक्टर बाबांना म्हणाले होते. हे आठ वर्षं त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. आईला सांगू नकोस, असं त्यांनी मला बजावलं. “ती मला बोल लावू शकत नाही. तिला ते शब्दच येत नाहीत. मग सांगून मी काय मिळवणार? नुसता मोकळा होणार.”

त्यानंतर दोन महिन्यांनी, दुपारी तीनच्या सुमारास ते गेले. शेवटच्या आठवड्यातही दहा वाजता आई त्यांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसायची. आवाज राहिला नव्हता, तेव्हा ते नुसते ओठ हलवायचे आणि ती शब्द म्हणायची. गेले त्या दिवशी तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता. सोडवताना आम्हाला एकेक बोट उकलावं लागलं.

त्यांचे विद्यार्थी कुठून कुठून आले. केस पांढरे झालेल्या एका बाईंनी आईला सांगितलं, की सरांमुळे मी लिहायला शिकले. आई मान हलवत होती.

मी तिला माझ्या घरी आणलं. वर्ग घ्यायचा प्रयत्न केला, पण तिनं चित्रं उचलून माझ्या हातात परत दिली. हळूहळू तिचे शब्द कमी होऊ लागले. आज ‘पंखा’ गेला, पुढच्या महिन्यात ‘दार’. बाबांच्या आठ वर्षांच्या मेहनतीला अशी गळती लागलेली मला बघवेना. एका दुपारी तिचे केस विंचरत असताना माझा बांध फुटला आणि मी तिला त्या सकाळचं सगळं सांगून टाकलं.

आई ऐकत होती. मग म्हणाली, “माहीत.”

मी कंगवा खाली ठेवला. तिच्या समोर येऊन बसले. ती शब्द शोधत होती, कपाळावरची शीर ताठ झाली होती. मी मदत केली नाही. बऱ्याच वेळानं ते शब्द एकेक करून आले.

“राग... नाही. कधीच... नाही.”

बाबा असतानाच मी हे विचारायला हवं होतं. नुसतं विचारायचं होतं, आणि उत्तर तिच्याजवळ होतं. मी विचारलं नाही. ते हे न ऐकताच गेले.

आईनं माझ्या गालाला हात लावला आणि केस पुढे घेऊन वेणी घालायची राहिलीय, असं खुणेनं दाखवलं. मी उठून तिच्या मागे जाऊन उभी राहिले.