तोंड इकडं करा

जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मी मापाडी होतो, तेव्हाचे हे एक दलाल. कानांनी जवळजवळ बहिरे. पण त्या काळी धान्याचा सौदा रुमालाखाली, बोटं दाबून व्हायचा. तिथं कानांचं कामच नव्हतं. समोरच्याच्या डोळ्यांत बघत ते बोटं चाचपायचे आणि “बराबर” म्हणून मान हलवायचे. त्यांचा सौदा कधी चुकला नाही.

मग उघडा लिलाव सुरू झाला. पुकारणारा अडत्या मुद्दाम त्यांच्याकडं पाठ करून भाव पुकारायचा आणि बाकीचे खिदळायचे. एकदा मीही हसलो. त्या हसण्याची माझी मलाच चीड येते, अजून.

ते दरवेळी सांगायचे, “तोंड इकडं करून बोला, सावकाश.” तर हा गडी कानाशी येऊन बोंबलायचा. बोंबललं की बहिऱ्याला कळतं, हे या शहाण्यांना कोणी शिकवलं?

एक दिवस ते ज्वारीच्या ढिगाला वळसा घालून त्याच्यापुढं गेले. हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडं वळवलं आणि सगळ्या मोंढ्यादेखत शांतपणे विचारलं, “बहिरा तर मी हाये. मंग तुम्ही ऐकून का न्हाई राह्यले?”