‘कीप’चं पान

डिक्शनरीतलं एक पान मी शक्यतो उघडत नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण त्या पानाची मला भीती वाटते.

इंग्रज जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी मॅट्रिकच्या परीक्षेतून इंग्रजी गेलं नव्हतं. आमगावजवळच्या खेड्यात मी प्राथमिक शाळेचा मास्तर होतो आणि बाहेरून परीक्षेला बसून इंग्रजीत दोनदा आपटलो होतो. त्यामुळे मी सगळ्यांवर खेकसायचो. फक्त बाईवर नाही. बाई म्हणजे माझी मोठी बहीण.

ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, कात्रीनं तेंदूची पानं कापायची आणि मी तिच्याकडे पाठ करून ‘कीप’ घोकायचो. कीप म्हणजे ठेवणं. गाय पाळली तरी कीप, शब्द पाळला तरी कीप, कुणाला ताटकळत ठेवलं तरी कीपच.

"एवढ्या साऱ्याले एकच शबद?" ती हसली. "गोऱ्यायजवळ शबद पुरले नाही का गा, मास्तर?"

मग कात्री थांबली. "त्यायच्याच बोलीत साहेबाले लिव ना. मले ठेवाचं हाय का सोडाचं, एवढंच त्याले इचार म्हणा."

‘त्याले’ म्हणजे तिच्या नवऱ्याला. तो परासियाकडे कोळशाच्या खाणीत गेला तो गेलाच. चार वर्षांत आमच्या एकाही चिठ्ठीला उत्तर नाही. इकडे देवरीकडचा एक विधुर बाईशी पाट लावायला तयार होता. माणूस भला होता. पण पहिल्यानं सोडल्याचं कळवल्याशिवाय पंच दुसरं लग्न होऊ देईनात. खाणीच्या साहेबाला इंग्रजीत लिहिलं, की तो नवऱ्याला समोर उभं करून लिहून घेईल, अशी आमची पक्की समजूत होती.

तीन दिवस खपून मी पत्र लिहिलं. पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलोही. तिथं वाटलं, साहेब हे कारकुनांना मोठ्यानं वाचून दाखवेल आणि सगळे हसतील. आधी पास होऊ, मग नीट लिहू, असं ठरवून मी परत आलो आणि पाकीट ‘कीप’च्या पानात ठेवलं.

"काऊन गा, उत्तर नाही आला अजून?" ती विचारायची.

"येऊन राहिला, बाई," मी म्हणायचो.

धानाची रोवणी झाली, कापणी झाली. विधुरानं दुसरीकडे पाट लावला. बाईनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. पुढच्या उन्हाळ्यात मी पास झालो, तेव्हा गावभर पेढे तिनंच वाटले.

"माह्या पत्रानंच तुहा हात बसला, मास्तर," ती म्हणाली. तेव्हाही मला खरं सांगवलं नाही.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. एकदा लाल पेन घेऊन मी ते पत्र तपासायला बसलो. साहेबाला कळलं असतं, इतपत ते बरं होतं.

आमच्या घरात आता कुणी विडी वळत नाही. तरी ते पान उघडलं की पाठीमागे कात्री चालू लागते आणि मग थांबते. मी मागे वळून बघत नाही.

"येऊन राहिला, बाई," म्हणतो.