दुःखाच्या घरचं ताट

दुकानातल्या चकलीच्या पाकिटावर 'घरगुती' असं छापलेलं असतं, ते वाचून तुम्हाला राग येत नाही का? मला येतो. ते घर कुठे आहे? तिथे कोण राहतं? यंदा त्या घरातलं कुणी गेलं का? पाकिटावर तेल कोणतं ते लिहिलेलं असतं, मीठ किती तेही असतं. एवढं मात्र नसतं.

माझ्या लहानपणी फराळाला घरगुती म्हणायची पद्धत नव्हती. दुसरा कुठला असतो हेच माहीत नव्हतं. कसबा पेठेत दोन खोल्यांत आम्ही राहायचो. आई, बाबा, दादा आणि मी. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात होते, आणि कारखान्यात जेवढे होते तेवढेच युनियनमध्ये. खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच, त्यामुळे 'कमळ' वाचता येण्याआधी मला 'कामगार' वाचता यायला लागलं. दिवाळीला त्यातली वाटून उरलेली पत्रकं उपयोगाला यायची. आई चकल्या तळायला बसली की बाबा तिच्या शेजारी पत्रकं पसरायचे, कोरी बाजू वर करून, म्हणजे तेल टिपलं जाईल आणि शाई पोटात जाणार नाही.

"डोक्यात गेलीय तेवढी पुरे आहे," आई म्हणायची.

पहिला घाणा देवापुढे ठेवला की आई ताट भरायला घ्यायची. चकली, बेसनाचे लाडू, करंज्या, पातळ पोह्यांचा चिवडा. वर विणलेला रुमाल. हे पहिलं ताट शेजारी जात नसे, नातेवाइकांकडेही नसे. त्या वर्षी आमच्या आळीत ज्या घरातलं माणूस गेलं असेल, त्या घरी ते जायचं. ज्या घरी दुःख झालं, तिथे वर्षभर सण नाही. दिवाळीत कढई चढवायची नाही, आकाशकंदील लावायचा नाही. घरात तळण होत नाही म्हणून आळी फराळ आणून द्यायची. तिथे आई चांगली साडी नेसून जात नसे, शुभेच्छाही देत नसे. दारात ताट पुढे करायची आणि म्हणायची, "मुलांना आणलंय." एका वर्षी तर ज्या घरी हे म्हणाली तिथे एकटे पेन्शनर आजोबा राहत होते. मूल औषधालासुद्धा नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि ताट घेतलं.

मी विचारलं, "त्यांच्याकडे मुलं कुठे आहेत?"

"असं म्हटलं की घ्यायला बरं पडतं," आई म्हणाली.

एरवी आमच्या आळीत देण्याघेण्याचा हिशेब चोख होता. कुणाच्या करंजीत सारण किती आणि हवा किती, यावर नळावर परखड चर्चा व्हायची. दुःखाच्या घराला मात्र तो हिशेब लागू नव्हता. ते वर्ष त्यांनी फक्त घ्यायचं. परतफेडीची अपेक्षा न ठेवता घेण्याचा हक्क मी युनियनच्या एकाही पत्रकात वाचला नव्हता. तो मला आईच्या ताटात दिसला.

मग कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. "निवृत्ती माझी, स्वेच्छा त्यांची," बाबा म्हणाले आणि एके दिवशी डबा न घेता घरी आले. त्यांच्या वयाची कितीतरी माणसं तेव्हा अशीच भर दुपारी पेठेत दिसायला लागली, हातांचं काय करायचं हे न कळलेली. आमच्या घरमालकाने जागा बिल्डरला दिली. आळीतली घरं एकेक करून धायरीला, सिंहगड रोडला, कात्रजला गेली. आम्ही वारज्याला गेलो. लिफ्ट असलेली इमारत, सहावा मजला, मजल्यावर चार दारं, चारही बंद. दादा इंजिनिअर होऊन हिंजवडीला लागला. सकाळी कंपनीची बस त्याला घेऊन जायची आणि रात्री त्याच्याच शर्टात कुणीतरी दमलेला माणूस आणून सोडायची.

तिथे राहायला गेल्यावर दुसऱ्या श्रावणात बाबा गेले. लिफ्टमध्ये स्ट्रेचर बसेना, म्हणून त्यांना जिन्याने खाली आणावं लागलं. प्रत्येक मजल्यावर दारं किलकिली झाली आणि लागली.

दिवाळी आली. आईने भाजणी केली नाही. चकलीचा सोऱ्या माळ्यावरून काढला नाही. वसुबारसेच्या दिवसापासून इमारतीच्या डक्टमधून तळणाचा वास वर यायला लागला. खालच्यांच्या शेवेचा, वरच्यांच्या शंकरपाळ्यांचा. आमच्या न्हाणीघरात तो इतका भरून राहायचा की आई ती खिडकी बंद करायची.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि सुतक, सोवळं, विधवेचे नियम या सगळ्यांविरुद्ध स्वतः पत्रकं लिहीत होते. मी आईला म्हणाले, "हे सगळं थोतांड आहे. बाबा असते तर त्यांनीच आधी कढई चढवली असती."

"कढई कुठे ठेवलेली असते हे माहीत होतं का त्यांना?"

"मी करते चकल्या. तू बस."

"कर की," आई म्हणाली. "मग कुणाला यायला जागा कुठे राहिली?"

तोवर मला वाटत होतं की कढई न चढवणं ही मेलेल्या माणसासाठीची शिक्षा आहे, जी जिवंत बाईने भोगायची. आईला तसं वाटत नव्हतं. तिने घरात एक पोकळी ठेवली होती आणि ती भरायला कुणीतरी येणार हे तिने गृहीत धरलं होतं. ते गृहीत धरण्याइतकी ती पेठेतली होती.

धनत्रयोदशीला तिने टेबल पुसून रिकामं केलं. दार लावून घेण्याऐवजी नुसतं लोटून ठेवलं. "हवा येते," म्हणाली. दिवाळीची थंडी होती आणि ती खांद्यावरून शाल घेऊन बसली होती. लिफ्टचं दार आमच्या मजल्यावर उघडलं की तिची मान वळायची. एकदा कुरिअरवाला आला. एकदा कुणीतरी चुकून उतरलं आणि परत चढलं.

माहेरचं कुणी पुण्यात उरलेलं नव्हतं. आळीतल्या आईच्या एका मैत्रिणीचा फोन आला. मी उचलला. "अगं, येणारच होते आईकडे. पण तुमचं ते वारजं! तिथे यायचं म्हणजे आधी व्हिसा काढायला हवा," असं म्हणून त्या हसल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "तिला सांग, आठवण काढली होती." मी सांगितलं. आई म्हणाली, "बरं."

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दादा चमकत्या कागदातला, रिबिन बांधलेला खोका घेऊन आला.

"आई, हे बघ. काजू, बदाम आणि चॉकलेटं. कंपनीने दिलंय."

"कुणी?"

"कंपनीने."

"कंपनी म्हणजे कोण? बाई का बुवा?"

"अगं, सगळ्यांनाच देतात."

"म्हणजे आपल्याला नाही दिलं."

दादाचा चेहरा पडला. त्याने वाईट हेतूने आणलं नव्हतं. "मग मी फराळ मागवतो ना. कोथरूडला एक बाई करून देतात, एकदम घरगुती चव. आमच्या टीममधले सगळे त्यांच्याकडूनच..."

"विकतचा नको."

"का पण?"

"विकत आणला तर आला असं होत नाही," आई म्हणाली, आणि खोका फ्रिजवर ठेवला.

मी दादावर चिडले. त्याच्या कंपनीवर, तिच्या रिबिनीवर, सणाच्या दिवशीसुद्धा परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी त्याला बसवून ठेवण्यावर. तो म्हणाला, "तू वाट पत्रकं. मला उद्या बस पकडायची आहे." पाडव्याला तो खरंच कामावर गेला.

त्याच पाडव्याला आमच्या समोरच्या वहिनी घराबाहेर पडल्या. हे जोडपं अमरावतीकडचं. नवरा आयटीत, वहिनी घरी. आईशी त्यांचं दुधाच्या पिशव्या घेताना बोलणं व्हायचं. बाबा गेले त्या दिवशी चहाचा थर्मास त्यांनीच आणून दिला होता. आमचं दार लोटलेलंच होतं आणि फटीतून मला दिसलं, वहिनींच्या हातात ताट होतं, वर रुमाल. आईनेही पाहिलं. ती उठून उभी राहिली. पदर सारखा केला.

वहिनी आमच्या दारापाशी आल्या. तिथे त्यांनी चाल हळू केली, चपला वाजू दिल्या नाहीत, आणि पुढच्या दारी गेल्या. तिथली बेल वाजली. "हॅपी दिवाळी" ऐकू आलं.

आईने टेबल पुन्हा पुसलं. ते स्वच्छच होतं.

भाऊबीज झाली, कंदील उतरले. एका सकाळी आई दूध घ्यायला दारात गेली तेव्हा वहिनीही बाहेर आल्या. मी आत चहा करत होते. त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"काकू, रागावल्या तर नाही ना? मी मुद्दामच आली नाही तुमच्याकडे."

"छे हो, राग कसला."

"डबा भरून ठेवला होता बघा. मग हे म्हणाले, राहू दे, त्यांचं दुःखाचं वर्ष आहे, त्यांना बरं नाही वाटणार. आमच्या अमरावतीकडे तर आधी दुःखाच्याच घरी नेतात. पण मी म्हटलं, पुण्यातल्या लोकांचं वेगळं असते. काही बोलले तर?"

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि ऐकत राहिले. मला वाटलं, आता आई सांगेल. आमच्याकडेही तसंच आहे म्हणून सांगेल. मी तुमची वाट बघत होते म्हणेल. ती माझ्याशी, बाबांशी, कंपनीशी सडेतोड बोलणारी बाई होती.

"नाही हो," आई म्हणाली, "बरोबर केलंत. यंदा कुठली खायची इच्छा."

"आता देऊ का थोडा चिवडा? आहे उरलेला."

"नको. झाली आता दिवाळी."

तिने दार लावून घेतलं. कडीसुद्धा घातली.

मला वहिनींचा राग येत नाही. त्यांची रीत आमच्यासारखीच होती, डबासुद्धा भरला होता. दोन दारांच्या मध्ये आडवी आली ती आपली ख्याती. पुणेकर फटकळ, पुणेकर खवचट, पुणेकराच्या दारात जाण्याआधी दहादा विचार करावा. आपण त्याच्या पाट्या करतो, एकमेकांना वाचून दाखवतो, बाहेरगावच्या पाहुण्यांपुढे मिरवतो. लांबून आलेली एक चांगली बाई ते सगळं खरं मानून आमच्या दारावरून पाय न वाजवता गेली. दुकानांना अशी भीती वाटत नाही. दुकानं बिनदिक्कत दारात येतात, 'घरगुती' म्हणून येतात, आणि आपण दार उघडतो.

पुढच्या वर्षी आईने कढई चढवली. सगळं केलं, थोडं थोडं. तिसऱ्या मजल्यावर एका तरुण मुलाची आई पावसाळ्यात गेली होती. आडनावावरून ती माणसं इकडची वाटत नव्हती, जिन्यात हिंदी बोलायची. देवापुढचं झाल्यावर आईने ताट भरलं. चकल्या न मोडलेल्या निवडून घेतल्या. रुमाल घातला. साधी साडी नेसली. मग ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर बसली.

"त्यांना आवडेल का गं?"

"आवडेल म्हणजे काय? फराळ आहे."

"त्यांच्यात चालतं का, आपल्याला काय माहीत."

"आण इकडे. मी जाते," मी म्हणाले आणि ताट उचललं. दारापर्यंत पोचले. आईने मागून येऊन ते माझ्या हातातून काढून घेतलं. ओढून नाही. बाळाला घेतात तसं, दोन्ही हातांनी.

"नको," ती म्हणाली. "उगाच कुणाला अवघडल्यासारखं व्हायला नको."

तिने चकल्या एकेक करून परत डब्यात रचल्या. रुमालाची घडी घातली. त्या दिवाळीत आईने कुणाच्याच दारी ताट नेलं नाही, आणि त्यानंतर आजवर नेलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचा तो मुलगा दार लोटून बसला होता का, हे आम्हाला कधी कळलं नाही.

म्हणून माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या इमारतीत यंदा कोणाच्या घरातलं माणूस गेलं, ते आजच वॉचमनला विचारा. दिवाळीला पहिलं ताट त्या घरी न्या. चकली जमली नसेल, चिवडा तिखट झाला असेल, तरी न्या. आधी फोन करू नका, त्यांच्यात चालतं का याची चौकशी करत बसू नका. त्यांनी नको म्हटलं तर ताट परत आणा, त्यात तुमचं काही जाणार नाही. पण बेल वाजवा.