वायरवालं की बॅटरीवालं

माझ्या बायकोच्या मामांइतका यंत्रांवर जीव टाकणारा, आणि तरीही यंत्र विकत न घेणारा माणूस अख्ख्या गिरगावात शोधून सापडणार नाही. फणसवाडीतल्या चाळीच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीला खेटून त्यांचा ‘कारखाना’ आहे. तिथे करवत आहे, पटाशी आहे, कानस आहे. नाही ते फक्त हातात धरून लाकूड कोरायचं, घासायचं ते गरगर फिरणारं छोटं मशीन. ते वायरवालं घ्यावं की बॅटरीवालं, एवढ्यावरच घोडं अडलंय. वायरवाल्यात ताकद जास्त, पण गॅलरीजवळच्या एकुलत्या एका प्लगवर मामींच्या मिक्सरची वहिवाट. बॅटरीवालं कुठेही न्यावं, पण “ऐन रंगात मान टाकतं हो, जावईबापू!” दर शनिवारी मामा खिशात सागवानाचा तुकडा घालून लोहार चाळीतल्या दुकानात जातात, दोन्ही मशीनं त्यावर चालवून बघतात, डोळे मिटून आवाज ऐकतात आणि “पुढच्या शनिवारी नक्की” म्हणून परततात. दुकानदार आता त्यांना किंमत सांगत नाही, थेट चहा सांगतो.

मशीन हवं होतं ते मामींच्या काठीसाठी. मामींचे गुडघे कुरकुरू लागले, डॉक्टरांनी काठी घ्यायला सांगितली. बाजारातली एकही मामांना पसंत पडेना. “तिच्या तळव्यात बसेल अशी मूठ मी स्वतः घडवणार!” दांडा आला, पण मशीन ठरेना, म्हणून मूठ होईना, म्हणून मामी जिना उतरेनात. त्यांचं भजनही सुटलं. शेवटी मी चिडलो. “मामा, कुठलंही घ्या, पण घ्या! मामी घरात अडकून पडल्यात.”

मामा दांड्यावरून हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, “काठी झाली की ती काठी टेकत चालणार. म्हातारी दिसेल हो.”

आत मिक्सर बंद झाला. “अहो, मी म्हातारीच आहे,” मामी म्हणाल्या. “मशीन बघायला मलाही न्या. काठी होईस्तोवर तुमचा खांदा आहे की.”

तेव्हापासून शनिवारी दोघं निघतात. पायरीपायरीवर थांबत, मामींचा हात मामांच्या खांद्यावर. दुकानदाराने मामींसाठी स्टूल ठेवलंय. मामी वायरवाल्याची बाजू घेतात, मामा बॅटरीवाल्याची. पुढच्या खेपेला बाजू बदलतात. भजनालाही मामी त्याच खांद्याच्या आधाराने जातात. परवा जिन्यात भेटले, तेव्हा मी विचारलं, “ठरलं का?”

मामा काही बोलायच्या आत मामींनी त्यांचा खांदा घट्ट धरला. “घाई काय आहे?” त्या म्हणाल्या.

मी भिंतीला टेकून त्यांना वाट करून दिली. वर गॅलरीत तो दांडा अजून तसाच उभा आहे. मामा त्याला तेल मात्र न चुकता लावतात.