सात ते आठचं चॅनल

रविवार, ३ फेब्रुवारी २०१९. केबलचे महिन्याचे २५० रुपये द्यायचे होते. हजर माणसं पाच: मी, बायको, नववीतली मुलगी, माझे वडील म्हणजे आप्पा, आणि चप्पल न काढता उंबऱ्यात उभा राहिलेला केबलवाला.

जी चॅनलं बघायची तेवढ्यांचेच पैसे द्यायचे, असा नियम नुकताच आला होता. फुकटातल्या चॅनलांसाठी कर धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि बाकीच्या प्रत्येकाची किंमत वेगळी. हा नियम मला पटला होता. मी सीमाभागातल्या आमच्या शहरात, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. लागेल तेवढंच मागवायचं, हे माझं रोजचं काम.

त्याआधी आठवडाभर मी टीव्हीशेजारी एक वही ठेवली होती. ज्यानं जे चॅनल बघितलं त्यानं ते वेळेसकट लिहायचं. बायकोनं रात्री नऊची मराठी मालिका लिहिली, मुलीनं खेळाचं चॅनल. मी बातम्या बघतो, त्या फुकटातल्यांत होत्या. आप्पांनी काहीच लिहिलं नाही. ते वयाच्या चौदाव्या वर्षापासून वडगावात यंत्रमागावर होते. चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढल्यावर कान गेले, ते गेलेच. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडलो, "आप्पा, तुमाला कुठलं चॅनल पायजे?"

दोनदा ओरडल्यावर ते हसले. "मला काय ऐकू येतंय? तुमचं तुमी बघा."

मी त्यांच्या नावापुढं शून्य लिहिलं.

केबलवाल्यानं छापील यादी पुढं केली. "अण्णा, पॅकेजच घ्या. दोनशे चाळीसला समदं येतंय. सगळी गल्ली तेच घ्यायलीया."

"त्यात निम्मी कन्नड चॅनलं आहेत. आमच्या घरात कन्नड कोण बघतंय?"

"ऱ्हाऊ दे की. ती काय भाकरी मागायल्यात व्हय?"

बायको आतून म्हणाली, "त्यांना काय सांगू नका. भाजीवालीकडं कोथिंबिरीच्या काड्या मोजून घेणारा माणूस हाय त्यो."

मी दोन चॅनलं निवडली, प्रत्येकी २२ रुपये ४२ पैसे. एकूण १९८ रुपये २४ पैसे. त्यानं १९९ घेतले. महिन्याला ५१ रुपये वाचले, आणि त्या रविवारी मला बरं वाटलं हे कबूल करायला हरकत नाही.

पुढच्याच आठवड्यापासून आप्पा संध्याकाळी पावणेसातला सदरा घालून बाहेर पडायला लागले. बायकोला वाटलं देवळात जात असतील. मी त्या वेळी बसमध्ये असतो, मुलगी शिकवणीला. परत यायला त्यांना सव्वाआठ व्हायचे. चालणं चांगलंच, असं म्हणून मीही विषय सोडून दिला. कामावरून आल्यावर मला कशाचीच चौकशी करावीशी वाटत नाही. अलीकडे तर बूट सोडायचाही कंटाळा येतो.

दुसऱ्या शुक्रवारी मी घरी पोचलो तर दारात रिक्षा उभी. रिक्षावाल्यानं आप्पांना दंडाला धरून उतरवलं. सदऱ्याची बाही फाटलेली, कोपरापासून मनगटापर्यंत खरचटलेलं, रक्त वाळत आलेलं.

"ह्यो म्हातारा तुमचाच न्हवं?" रिक्षावाला म्हणाला. "मी मागनं हॉर्न मारून मारून दमलो, वळून बघायला तयार न्हाय! तेवढ्यात एक मोटारसायकलवाला घासून गेला बघा. थांबला बी न्हाय. मोठ्या रस्त्यावर अंधारात एकटं सोडतासा व्हय ह्यास्नी?"

मी पैसे काढले तर त्यानं हात झटकला. "ऱ्हाऊ द्या. आदी दवाखाना बघा."

जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. परत येताना मी आप्पांच्या कानाशी ओरडलो, "कुठं गेलतासा?" त्यांनी चांगला हात वर करून रस्त्यापलीकडं दाखवलं. "दोस्ताकडं. टीव्ही बघायला."

ऐकू न येणारा माणूस, घरात टीव्ही असताना, मोठा रस्ता ओलांडून दुसऱ्याच्या घरी टीव्ही बघायला जातो. मला पहिल्यांदा रागच आला. तो मी घरी आल्यावर बायकोसमोर काढला. ती भांडी विसळता विसळता थांबली. "आपल्याकडं बी बसायचं की सातला खुर्चीत. मला वाटायचं टीव्ही बंदच हाय, नुसतं बसल्यात. आवाजच नसायचा." ऐकू येत नसल्यानं ते आवाज पूर्ण बंद ठेवायचे, आणि ती स्वयंपाकघरात पाठमोरी. वही लिहिली त्या आठवड्यातही ते रोज सात ते आठ बघत होते. पण आमच्या घरात चालू टीव्ही ओळखला जायचा तो आवाजावरून, आणि मी मोजत होतो ते लोकांना विचारून.

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गेलो. दोस्त म्हणजे कारखान्यात त्यांच्या समोरच्या मागावर काम करणारा कन्नड माणूस. दोन मागांच्या मधल्या बोळात दोघं समोरासमोर उभे राहायचे, बावीस वर्षं. आम्ही गेलो तेव्हा एक कन्नड मालिका लागली होती. सून कुणाला तरी घालूनपाडून बोलत होती आणि आप्पा पुढं वाकून हसत होते. दोस्ताआधी हसत होते.

मी कन्नडमध्ये विचारलं, "यांना कळतं कसं?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी माग कधी बघितलाच नव्हता. "अरे, शेडमध्ये कुणाला कुणाचं ऐकू येतंय? धोटा आडकला, सूत तुटलं, मालक आला, सगळं तोंडाकडं बघून समजून घ्यायचं. मी गोकाककडनं आलतो, मला तेव्हा मराठी येत नव्हतं. तुझा बाप माझं तोंड बघून कन्नड शिकला. कन्नड त्याला कानानं येत नाही, डोळ्यानं येतं." मग आप्पांकडं तोंड करून, आवाज जराही न चढवता त्यानं हात कसा आहे म्हणून विचारलं. आप्पांनी लगेच उत्तर दिलं, "कोपर हाय नव्हं जाग्यावर, मग झालं." आणि दोघं हसले.

मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. गेली दहा-बारा वर्षं आम्ही घरातले सगळे आप्पांच्या कानाला तोंड लावून ओरडतोय. म्हणजे आमचं तोंड त्यांना कधी दिसलेलंच नाही.

परत येताना मोठा रस्ता ओलांडायच्या आधी मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि हळू विचारलं, "घरी का न्हाय सांगितलासा?" त्यांना पहिल्या फटक्यात कळलं नाही. माझ्या मिशा जरा वाढल्या होत्या. पुन्हा विचारल्यावर म्हणाले, "तू वही घेऊन बसलतास. पैसं वाचवायलाइस म्हणून म्हटलं, ऱ्हाऊ दे."

रविवारी केबलवाल्याला बोलावलं. त्यानं विचारलं, "एकच कन्नड चॅनल वाढवू का अण्णा? बावीस-बेचाळीस." तो हिशेब मी आदल्या रात्रीच करून ठेवला होता. पण मुलगी दुपारी काय बघते, बायको माझ्यामागं काय बघते, हे मला माहीत आहे असं आता म्हणवेना. पुन्हा वही ठेवायची, पुन्हा विचारायचं, तेवढं अंगात त्राण नव्हतं. "पॅकेजच टाक," म्हटलं.

"आदी सांगितलं तवा ऐकलं न्हायसा," तो म्हणाला, आणि बायकोकडं बघून हसला.

आप्पा अजूनही रविवारी पलीकडं जातात. ते चॅनल घरी आहे, पण दोस्त घरी नाही. त्या दिवशी मी त्यांना रस्ता ओलांडून देतो आणि आठला आणायला जातो.

वाचवले होते एक्कावन्न. दवाखान्यात इंजेक्शन आणि पट्टीचे एकशे ऐंशी रुपये दिले. केबलवाल्याला पॅकेजच्या फरकाचे एक्केचाळीस.